पेडल मऊ लागले म्हणजे क्लचप्लेट गेली असे नव्हे



टोमॅटोचा तोडा संपला आहे, क्रेट भरून झाले आहेत आणि रात्रीच गाडी बाजाराच्या रस्त्याला लागायची आहे. तुम्ही पिकअप सुरू करता, क्लच दाबता, आणि चिखलात पाय रुतावा तसे पेडल थेट खाली जाते. गिअर टाकायला जावे तर करकर आवाज होतो. रिव्हर्स तर पडतच नाही. अशा वेळी जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "प्लेट गेली!" मग गिअरबॉक्स उतरवायची बोलणी सुरू होतात, दोन दिवस गाडी गॅरेजला पडते, आणि माल मात्र घरी पिकत राहतो.

हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. पेडल मऊ पडण्याचे कारण बहुतेक वेळा प्लेटमध्ये नसून तेलाच्या नळीत शिरलेल्या हवेत किंवा झिजलेल्या एका रबरी वायसरात असते. प्लेट बदलण्याच्या मानाने हा खर्च अगदी थोडा. गाडीखाली काम करण्याची थोडी सवय असेल तर हे काम दोन माणसे सकाळच्या वेळात घरी उरकू शकतात. आणि काम गॅरेजलाच द्यायचे ठरले, तरी काय बिघडले आहे हे मालकाला ठाऊक असलेले बरे.

दोन आजार, दोन लक्षणे

क्लचचे आजार मुख्यतः दोन. पहिला, क्लच घसरणे. इंजिन जोरात ओरडते पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, चढावर जळका वास येतो. हा आजार बहुधा प्लेटचा. दुसरा, क्लच न सुटणे. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत, गिअर अडतो, पेडल दाबलेले असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. हा आजार बहुधा तेलाच्या यंत्रणेचा.

याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन सुरू केले की पडत नाहीत, तर क्लच सुटत नाही असे समजावे. मग पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून पाहावे. त्यानंतर पेडल थोडे घट्ट लागले आणि गिअर पडला, तर यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा तेल गळते आहे, असे समजायला हरकत नाही.

पेडलपासून प्लेटपर्यंत

क्लचच्या पेडलला जोडून एक छोटा सिलिंडर असतो. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाजूला दुसरा सिलिंडर असतो, तो स्लेव्ह सिलिंडर. आपण त्यांना सोयीसाठी वरचा आणि खालचा सिलिंडर म्हणू. दोहोंना जोडणारी एक बारीक नळी असते. वर तेलाची लहान डबी असते. तुम्ही पेडल दाबता, वरचा दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल खालच्या दट्ट्याला ढकलते, आणि तो दांडीने क्लचचा काटा सरकवतो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या शास्त्रज्ञाने मांडला. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलते तीही याच नियमाने.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. समजा, तुम्ही पायाने १० किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला. वरच्या दट्ट्यावर ५० किलो जोर आला. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब बसला. खालच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर काट्यावर ७५ किलो जोर मिळाला. वरचा दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला म्हणजे ६ सी.सी. तेल ढकलले गेले आणि खालचा दट्ट्या २ सेंटिमीटर पुढे आला.

आता त्या नळीत फक्त ३ सी.सी. हवा शिरली आहे असे धरा. लहान चमचाभरसुद्धा नाही एवढी. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. एवढ्या दाबाखाली ती हवा आकसून जवळजवळ नाहीशी होते आणि ढकललेल्या ६ सी.सी. तेलातले निम्मे तेल ती जागा भरण्यातच खर्ची पडते. खालचा दट्ट्या २ ऐवजी जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो. क्लच अर्धवट सुटतो, गिअर करकरतो. प्लेट बिचारी शाबूत असते.

विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. पंखा फिरतो, पण पाणी येत नाही. तुम्ही पाणी भरून हवा काढता आणि पंप चालू होतो. पण फूटव्हॉल्व्ह गळका असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्लचचेही तसेच आहे. डबीत रोज तेल ओतून गाडी चालवणे म्हणजे फूटव्हॉल्व्ह तसाच ठेवून रोज पंप भरणे. लक्षात ठेवा, हे तेल इंजिन ऑइलसारखे जळत नाही की डिझेलसारखे संपत नाही. ते कमी झाले, तर कुठून तरी बाहेर गेले आहे. ती जागा सापडेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

तुमचा क्लच तेलाचा आहे का?

सर्वच गाड्यांचा नसतो. लहान गाड्यांतून पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तारेची केबल असते. बऱ्याच ट्रॅक्टरांना लोखंडी दांड्यांची जोडणी असते. तिथे हवेचा प्रश्नच येत नाही, पाहायचे ते केबल किंवा दांडीचे समायोजन. बॉनेट उघडून पेडलच्या समोरच्या बाजूला पाहा. तेथून बारीक धातूची नळी खाली गिअरबॉक्सकडे गेलेली दिसली, तर क्लच तेलाचा आहे. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची तेलाची डबी एकच असते. ही गोष्ट आधीच पाहून ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे जिवाशी येतो.

आणखी एक पाहावे. खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टांवर बसवलेला दिसतो का? दिसत असेल तर तो घरी बदलता येतो. काही गाड्यांत तो आत, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तसा असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

गळती शोधावी कशी?

प्रथम गाडीखाली खालच्या सिलिंडरपाशी पाहावे. सिलिंडरच्या तोंडावर रबरी टोपण असते. त्याची कड हलकेच उचलावी. आत ओल किंवा काळपट तेल दिसले, तर खालच्या सिलिंडरचे वायसर गेले.

नंतर चालकाच्या बाजूला खाली वाकून पेडलच्या दांडीवर, ती जिथे समोरच्या पत्र्यात शिरते तिथे, बोट फिरवावे. बोट ओले झाले, पायाखालची चटई चिकट लागली किंवा पत्र्याचा रंग फुगलेला दिसला, तर वरचा सिलिंडर गळतो आहे.

मग नळी सबंध हाताखालून घालावी. रबरी नळीला भेगा आहेत का, धातूची नळी कुठे घासली आहे का, जोडावर ओल आहे का, हे पाहावे.

बाहेर कुठेच ओल नाही, डबीतले तेलही कमी झालेले नाही, तरी पेडल दाबून धरले की हळूहळू खाली बसत जाते, असे असेल तर वरच्या सिलिंडरच्या आतले वायसर झिजले आहे. तेल बाहेर न येता आतल्या आत मागे सरकते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, पायालाच कळतो.

नाव ऑइल, पण हे तेल नव्हे

बाजारात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात तेच बहुतेक गाड्यांच्या क्लचमध्ये घालतात. नाव ऑइल असले तरी ते खनिज तेल नाही. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनते. या यंत्रणेची वायसरे त्याच द्रवात टिकतील अशा रबराची असतात. त्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा ट्रॅक्टरच्या लिफ्टचे तेल पडले, तर वायसरे फुगून मऊ पडतात आणि थोड्याच काळात सबंध यंत्रणा निकामी होते.

गावोगाव फिरताना हा प्रकार मी पाहिला आहे. रस्त्यात ब्रेक ऑइल मिळाले नाही म्हणून एका शेतकऱ्याने डबीत ट्रॅक्टरचे तेल ओतले. गाडी घरी आली खरी, पण पुढे दोन्ही सिलिंडर आणि रबरी नळी असे सगळेच बदलावे लागले. तेवढ्या खर्चात ब्रेक ऑइलच्या किती बाटल्या आल्या असत्या, याचा हिशेब त्यानेच मला करून दाखवला.

डबीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. तेच घ्यावे. कोरडे ताजे डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ कमीत कमी २३० अंशांना. 'डॉट ५' हे सिलिकॉनचे असते. ते या दोहोंत कधीही मिसळू नये. उलट, ज्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत क्लच-ब्रेकसाठी खनिज तेल सांगितले असेल, तिथे ब्रेक ऑइल घालू नये. पुस्तिका सांगेल ते प्रमाण.

या द्रवाचा एक मोठा अवगुण म्हणजे ते हवेतला ओलावा शोषते. मीठ पावसाळ्यात पाझरते, तशातला हा प्रकार. ओलावा शिरला की उकळबिंदू उतरतो. डॉट ३ साठी ओल्या अवस्थेतली किमान मर्यादा १४० अंश आणि डॉट ४ साठी १५५ अंश धरलेली आहे. त्याच ओलाव्याने सिलिंडरही आतून गंजतो. म्हणून लहान सीलबंद बाटली घ्यावी. उघडलेली बाटली पुढच्या हंगामासाठी ठेवू नये.

किट घालावे की सिलिंडर बदलावा?

दुकानात वायसरांचे किट स्वतंत्र मिळते आणि ते स्वस्त असते. पण सिलिंडर उघडून त्याची आतली भिंत उजेडात धरून पाहावी. ती आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट घालून भागते. गंजाचे खड्डे किंवा ओरखडे नखाला लागत असतील, तर नवीन वायसर त्या खड्ड्यांवर घासून लवकरच फाटेल. अशा वेळी सबंध सिलिंडरच बदलावा. पॉलिश पेपर मारून खड्डे घालवण्याच्या नादी लागू नये. त्याने भोक मोठे होते.

आतले भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नयेत, रबराला ते बाधते. ताज्या ब्रेक ऑइलने धुवावेत, आणि वायसर बसवतानाही तेच चोळावे, ग्रीस नव्हे.

खालचा सिलिंडर बदलताना

१. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. किल्ली काढून खिशात ठेवावी. गाडी उचलावी लागलीच तर ती पक्क्या घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही, एक मिनिटसुद्धा, जाऊ नये.

२. सिलिंडर आणि नळीचा जोड ब्रशने व फडक्याने स्वच्छ करावा. मातीचा एक कण आत गेला तर नवे वायसर फाटायला पुरतो.

३. सिलिंडर जागेवर पक्का असतानाच नळीचा जोड थोडा ढिला करावा. आधी सिलिंडर काढला तर तो हातात फिरतो आणि नळी पिळवटते. जोडाला बरोबर बसणारा पाना वापरावा, ढिल्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात.

४. जोड सोडवून नळीचे तोंड स्वच्छ बुचाने बंद करावे. खाली भांडे ठेवावे. मग दोन्ही बोल्ट काढून सिलिंडर काढावा. तो काढलेला असताना पेडलला कोणी हात किंवा पाय लावू नये.

५. जुना आणि नवा सिलिंडर शेजारी ठेवून पाहावे. बोल्टांचे अंतर, नळीचे आटे आणि दांडीची लांबी जुळली पाहिजे.

६. नव्या सिलिंडरवर नळीचा जोड प्रथम बोटांनीच फिरवावा. आटे सरळ बसले की मगच पाना लावावा. जोडात तांब्याच्या चकत्या असतील तर त्या नव्या घालाव्यात.

७. दांडीचे टोक काट्याच्या खोबणीत बरोबर बसले आहे याची खात्री करून बोल्ट आवळावेत. हवा काढण्याचे निप्पल वरच्या बाजूला आले पाहिजे. हवा नेहमी वर चढते. निप्पल खाली राहिले तर दिवसभर पेडल मारूनही हवा निघणार नाही.

वरचा सिलिंडर बदलायचा असेल तर क्रम हाच. मात्र बसवल्यावर पेडलच्या दांडीत पुस्तिकेत दिला असेल तितका मोकळा खेळ ठेवावा. दांडी ताणून बसवली तर तेल परत जाण्याचे भोक बंद राहते, क्लच सतत थोडा दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही घसरून जळते.

हवा काढणे: दोघांचे काम

या कामाला दुसरा माणूस मेकॅनिकच हवा असे नाही. पेडलवर घरातले कोणीही बसू शकते, घरधनीण किंवा कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा. मात्र दोघांनी बोलायचे शब्द आधी ठरवून घ्यावेत.

डबी वरच्या खुणेपर्यंत भरावी. निप्पलवर पारदर्शक नळी घट्ट बसवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. म्हणजे निघणारी हवा बुडबुड्यांच्या रूपाने दिसते.

खालच्याने म्हणावे, "दाब." वरच्याने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबून धरावे आणि म्हणावे, "धरले." खालच्याने निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडावे. तेल व हवा बाहेर येईल आणि पेडल खाली जाईल. पेडल तळाशी असतानाच निप्पल बंद करावे आणि मग म्हणावे, "सोड." हा क्रम कधीही मोडू नये. निप्पल उघडे असताना पेडल सोडले, तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

दर चार-पाच वेळांनंतर डबी पाहून तेल घालावे. डबी रिकामी झाली तर वरून हवा शिरते आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. डबी ब्रेकशी सामाईक असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. नळीतून बुडबुडे येणे थांबले, तेल स्वच्छ व सलग येऊ लागले आणि पेडल वरूनच घट्ट लागू लागले की हवा निघाली.

हाताशी दुसरे माणूस नसेल तर डबीचे झाकण काढून निप्पल उघडे ठेवावे आणि तेल आपोआप ठिबकू द्यावे. ठिबकच्या नळीतून हवा आधी फुरफुरते आणि मग पाणी येते, तसेच इथे होते. वेळ लागतो, पण हवा निघते. डबीवर मात्र लक्ष हवे, आणि पेडलला हात लावायचा नाही.

शेवटी निप्पल बेताने आवळावे. ते आतून पोकळ असते, जास्त जोर दिला तर तुटते. त्यावर रबरी टोपी बसवावी. सांडलेले तेल पाण्याने धुवावे आणि डबीचे झाकण लावावे.

परीक्षा

पेडल एक मिनिट दाबून धरावे, ते खाली बसता कामा नये. नंतर गाडी सुरू करून पेडल दाबावे, दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. करकर न होता पडला तर काम नीट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतली पातळी आणि जोड पुन्हा पाहावेत. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, गावातल्या गावात मारावी.

नीट हवा काढूनही दोन-चार दिवसांत पेडल पुन्हा मऊ पडले, तर गळती राहिली आहे किंवा दुसरा सिलिंडर गेला आहे. दोन्ही एकाच वयाचे असतात. एक बदलला की दुसऱ्यावर लक्ष ठेवावे. पेडल घट्ट आहे, खालची दांडी पुरेशी सरकते आहे, आणि तरीही क्लच सुटत नाही, तर मग दोष काट्यात, प्रेशर प्लेटमध्ये किंवा प्लेटमध्ये असू शकतो. गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ तेव्हा, त्याआधी नव्हे.

घाटात हा प्रश्न जिवाचा होतो

नाशिक भागातून माल घेऊन मुंबईकडे निघालेल्या गाडीला कसारा घाट उतरावा लागतो, जुन्नरकडून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीला माळशेज. भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये उतरवायची असते, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. क्लच सुटत नसेल तर खालचा गिअर पडत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात. त्यांतही तेच जुने, ओलावा शोषलेले ऑइल असेल, तर ते उकळून त्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते. मग ब्रेकचे पेडलही तसेच खाली जाते. डबी सामाईक असेल आणि गळतीने तेल कमी होत गेले असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून पेडल मऊ लागत असताना, 'एवढी एक खेप मारून येऊ,' असे म्हणून भरलेली गाडी घाटात घालू नये. माल दुसऱ्या गाडीत चढवावा. वाटेतच बिघाड झाला तर गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, चाकांना दगड लावावेत. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि ब्रेक जड होतो. एका खेपेचा माल पुन्हा पिकवता येतो, माणूस येत नाही.

घरातल्यांनी घ्यायची काळजी

ब्रेक ऑइल विषारी आहे. ते शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर कधीही ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहत नाही. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, औषधांसारखे कुलपात ठेवावे. डिझेल काढताना काही जण नळी तोंडाने ओढतात. तसे इथे चुकूनही करू नये. पोटात गेले तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी. डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवून डॉक्टरांना दाखवावे.

काढलेले जुने ऑइल पुन्हा डबीत घालू नये, ते कितीही स्वच्छ दिसले तरी. ते बांधावर, ओढ्यात, गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या काठावर ओतू नये. बंद डब्यात साठवून, इंजिनच्या जुन्या तेलात न मिसळता, ते गॅरेजमध्ये द्यावे. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाणी ओतावे, नाहीतर रंग सोलून निघतो.

वर्षाचा परिपाठ

दर आठवड्याला, इंजिन ऑइल पाहतो त्याच वेळी, क्लचची डबी पाहावी. ताजे ऑइल फिकट मधाच्या रंगाचे असते. ते कोऱ्या चहासारखे झाले तर बदलायची वेळ आली. काळे व गढूळ झाले तर वायसरे झिजत आहेत. पुस्तिकेत मुदत दिली असेल तीप्रमाणे, नाहीतर दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. हे काम पाऊस संपल्यावर, मालाच्या खेपा सुरू होण्याआधी करावे. त्याच दिवशी ब्रेकचेही ऑइल बदलून घ्यावे. गाडी चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय मोडावी, तिने वायसर आणि प्लेट दोन्ही झिजतात.

आणि पुढच्या वेळी पेडल खाली गेले तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी तीन गोष्टी क्रमाने पाहा: डबीतले तेल, खालच्या सिलिंडरचे टोपण, पेडलची दांडी. पाच मिनिटांचे काम आहे. त्याने प्लेटचा खर्च वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोचेल.